धूळपाटीपासून मोबाइलपर्यंत

वर्गात मोबाइल असावा की नसावा, हा वाद आता कॉलेजातल्या शिक्षकांच्या खोलीतून निघून घराघरांत जाऊन पोचला आहे. एक पक्ष म्हणतो, मुलाच्या हाती साऱ्या जगाचे ग्रंथालय आले आहे, ते काढून घेणे हा निव्वळ करंटेपणा. दुसरा पक्ष म्हणतो, ग्रंथालय कसले घेऊन बसलात, तो बाजार आहे बाजार. आणि भर बाजारात बसून कोणी अभ्यास केल्याचे आम्ही ऐकलेले नाही. दोन्ही पक्षांत शहाणी माणसे आहेत, आणि दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण इतिहास शिकवणाऱ्या माणसाला एक खोड असते. असा वाद कानी पडला की तो प्रथम विचारतो, असे पूर्वी कधी घडले होते का?

तर श्रोतेहो, घडले होते; आणि एकदा नव्हे, चार-पाच वेळा घडले होते. छापखाना आला, नभोवाणी आली, दूरचित्रवाणी आली, उपग्रह आला. दर वेळी कोणी म्हणाले की आता शिक्षकाची गरज उरणार नाही, आणि दर वेळी कोणी म्हणाले की आता मुले बिघडणार. दोन्ही भाकिते बव्हंशी खोटी ठरली. मात्र या सर्व साधनांना एक प्रश्न सारखाच लागू पडत होता, आणि तो विचारावयाचे बहुतेक जण विसरले. तो प्रश्न असा : शिक्षकाचा शब्द मुलापर्यंत पोचला हे ठीक, पण मुलाची शंका परत शिक्षकापर्यंत कशी पोचणार? आणि पोचली तर तिथे ती ऐकून घेणारे कोणी बसलेले असेल काय?

व्हॉट्सॲप, फेसबुक, यूट्यूब यांना आपण समाजमाध्यमे म्हणतो ते याच कारणाने, की तिथे बोलणे दोन्ही बाजूंनी चालते. म्हणून ही एकच मोजपट्टी हाती घेऊन आज आपण थोडे मागे जाऊ या.

सन १६२३. पिएत्रो देल्ला व्हाल्ले नावाचा एक इटालियन प्रवासी गोव्याहून निघून सह्याद्रीच्या घाटावरील इक्केरी या गावी आला होता. हे गाव आजच्या कर्नाटकात, शिमोगा जिल्ह्यात, सागरजवळ आहे. तिथल्या नायकांचे राज्य तेव्हा जोरात होते. एका देवळाच्या ओवरीत या प्रवाशाला चार मुले दिसली. ती अंकगणित घोकत होती. एकाने सुरात एक ओळ म्हणावयाची आणि म्हणता म्हणता जमिनीवर पसरलेल्या बारीक वाळूत बोटाने तोच आकडा काढावयाचा. बाकीच्यांनी त्याच सुरात तेच म्हणावयाचे, तसेच काढावयाचे. जमीन भरली की वाळू सारखी करून पुन्हा सुरू. ना कागद, ना शाई, ना लेखणी. प्रवाशाने विचारले, अरे, तुमचा गुरुजी कुठे आहे? तुमचे चुकले तर दुरुस्त कोण करणार? मुलांचे उत्तर त्याने लिहून ठेवले आहे. त्याचा आशय असा, की आम्ही सगळेच शिकणारे आहोत; चौघांचेही एकाच वेळी एकाच ठिकाणी चुकेल, असे काही होत नाही. एकाचे चुकले की दुसरा सांगतो.

आपल्याकडच्या पंतोजींच्या शाळांतही धूळपाटी अशीच होती, आणि मोठ्या मुलाने लहान मुलाला अक्षर गिरवून देण्याची रीतही होती. पंतोजी एकटा, मुले वेगवेगळ्या वयांची. दुसरे करणार तरी काय? या साध्या गरजेपोटी जी रीत पडली, तिचे पुढे चमत्कारिक भाग्य उजळले.

१७८७ साली अँड्र्यू बेल नावाचा स्कॉटिश पाद्री हिंदुस्थानात आला, आणि १७८९ साली मद्रासजवळ एग्मोर येथे सैनिकांच्या अनाथ मुलांसाठी काढलेल्या शाळेचा प्रमुख झाला. एकदा त्याने जवळच्या एका देशी शाळेत मुले वाळूत अक्षरे काढताना पाहिली. आपल्या शाळेतही हे करावे असे त्याने ठरविले. त्याच्या हाताखालच्या शिक्षकांनी काही दाद दिली नाही. तेव्हा बेलने काय केले, तर जॉन फ्रिस्किन नावाच्या आठ वर्षांच्या एका मुलाला खालच्या वर्गाचा शिक्षक नेमले! प्रयोग साधला. १७९७ साली बेलने त्यावर लंडनमध्ये पुस्तक छापले. तिकडे १७९८ साली जोसेफ लँकेस्टरने लंडनला स्वतःची शाळा सुरू करून जवळजवळ याच धर्तीची व्यवस्था बसविली. ‘मद्रास पद्धती’ म्हणून ही गोष्ट युरोप-अमेरिकेत गाजली.

पण इथेच आपली मोजपट्टी लावून पाहा. इक्केरीच्या ओवरीतली मुले एकमेकांच्या चुका काढीत होती. शंका इकडून तिकडे आणि तिकडून इकडे जात होती. लंडनच्या दालनात एका मास्तराच्या हाताखाली शेकडो मुले बसविली गेली. मधल्या मॉनिटर मुलांचे काम काय? वरून आलेला पाठ खाली पोचवावयाचा, घोकून घ्यावयाचा, आणि हजेरी मांडावयाची. शिक्षण स्वस्त झाले, ही गोष्ट लहान नव्हे. गरिबांची मुले त्यामुळे वाचू-लिहू लागली. परंतु शंका मात्र वाटेतच अडकली. वाळू तीच, रीत तीच, मुलेही तशीच. फक्त प्रश्न विचारण्याची मोकळीक गेली. साधन तेच राहून त्याचा प्राण कसा निघून जातो, याचा हा पहिला धडा आहे.

आता छापखान्याकडे वळू. मराठी मुलुखात ही कथा बाळशास्त्री जांभेकरांपासून सुरू होते. ६ जानेवारी १८३२ रोजी त्यांनी ‘दर्पण’ सुरू केले आणि १८४० साली ‘दिग्दर्शन’ हे मासिक काढले. भूगोल, इतिहास, सृष्टिशास्त्र असे विषय ‘दिग्दर्शना’त येत. ज्याच्या गावी धड शाळा नाही अशा तरुणाला घरबसल्या मिळालेला तो वर्गच होता म्हणा ना. पण छापील पान बोलते, ऐकत नाही. वाचकाने पत्र धाडले तर उत्तर मिळावयाचे ते पुढच्या अंकात, आणि तेही मिळाले तर.

ही उणीव भरून काढली ती विद्यार्थ्यांनीच. १८४८ साली मुंबईत एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी आणि अध्यापकांनी मिळून एक सभा काढली, ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’. दादाभाई नौरोजी तिच्या आघाडीच्या मंडळींपैकी. सभेत कोणी एकाने निबंध वाचावयाचा आणि बाकीच्यांनी त्यावर बोलावयाचे, असा क्रम असे. पुढे तिच्या मराठी आणि गुजराती शाखा, म्हणजे ज्ञानप्रसारक सभा, निघाल्या. त्यांत देशी भाषांतून हेच काम होऊ लागले. १८५० साली ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक निघाले. सभेत झालेले बोलणे छापून दूरच्या वाचकांकडे जाऊ लागले. आणि याहून मोठी गोष्ट म्हणजे याच तरुणांनी १८४९ साली मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या आणि सकाळच्या वेळात विनावेतन स्वतः शिकविले. शिकणाऱ्यांनीच एकत्र जमावे, एकमेकांना शिकवावे, आणि जे शिकलो ते आणखी कोणाला तरी द्यावे, असा हा प्रकार. आज ‘ग्रुप’ म्हणतात तो याहून फार निराळा नाही. फरक एवढाच, की त्या मंडळींना ग्रुपमध्ये यावयाचे तर घरून चालत यावे लागे आणि बोलावयाचे तर तयारी करून यावे लागे.

नभोवाणीचे शिक्षण हा तर आपल्या जिव्हाळ्याचा विषय. मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. पुढे १९३६ साली ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले आणि त्या दशकाच्या अखेरीस शाळांसाठी खास कार्यक्रम होऊ लागले. मुले रांगेने बसत, मास्तर कान पिळून स्टेशन लावीत, आणि आवाज येई. कार्यक्रम उत्तमच असत. परंतु मुलाने हात वर केला तर तो नभोवाणीला दिसणार कसा?

या अडचणीवर एक तोड आपल्याच महाराष्ट्रात निघाली, आणि ती आजच्या विषयाला इतकी लागू आहे की तिथे जरा थांबलेच पाहिजे. १९५६ सालच्या फेब्रुवारी ते एप्रिल या महिन्यांत पुणे केंद्रावरून एक प्रयोग झाला. युनेस्कोचे त्यास साहाय्य होते. त्या वेळच्या मुंबई राज्यातील पाच मराठी जिल्ह्यांतून सुमारे दीडशे गावे निवडण्यात आली. प्रत्येक गावी वीसेक माणसांचे एक श्रोतृमंडळ. आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा कार्यक्रम. दहा आठवड्यांत एकूण वीस. विषय शेतीचे, आरोग्याचे, गावच्या कारभाराचे. इथपर्यंत नवे काही नाही. नवे होते ते कार्यक्रम संपल्यानंतरचे. नभोवाणी बंद करावयाची आणि मंडळींनी ऐकलेल्यावर चर्चा करावयाची. आपल्या गावाला हे लागू पडते का? खत आणावयाचे तर पैसा कुठून? विहिरीचे काय? मग चिटणीसाने चर्चेचा सारांश आणि उरलेल्या शंका लिहून पुण्यास पाठवावयाच्या; आणि पुढच्या कार्यक्रमांतून पुणे केंद्राने त्यांची उत्तरे द्यावयाची.

या प्रयोगाची पारख मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केली. ते काम पॉल न्यूराथ या समाजशास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली झाले. त्यांनी तीन प्रकारची गावे ताडून पाहिली : नभोवाणी आणि मंडळ दोन्ही असलेली, नभोवाणी असून मंडळ नसलेली, आणि नभोवाणीच नसलेली. निष्कर्ष काय निघाला? जिथे मंडळ होते तिथे लोकांच्या ज्ञानात मोठीच भर पडली. जिथे नुसताच नभोवाणीचा संच होता, तिथे पडलेली भर नगण्य होती. संच दोन्हीकडे होता. फरक पडला तो ऐकून झाल्यावर बसून बोलणाऱ्या माणसांमुळे, आणि गावातून गेलेल्या शंकेला उत्तर परत येत होते यामुळे. काही गावांत तर ही मंडळे बोलण्यावर न थांबता कामाचे निर्णय घेऊ लागली. १९५९ साली ही योजना देशभर नेण्यात आली. पण दीडशे गावांना जी देखरेख देता आली होती ती हजारो गावांना देणे कठीण होते, आणि हळूहळू ती मंडळे मावळली.

त्यानंतर आली दूरचित्रवाणी. दिल्लीस १९५९ साली तिचा प्रयोग झाला आणि १९६१ साली तिथल्या शाळांत दूरचित्रवाणीवरून पाठ सुरू झाले. मुंबईचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी निघाले. मग १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असे एक वर्ष अमेरिकेचा एक उपग्रह वापरून सहा राज्यांतील २,४०० खेड्यांत कार्यक्रम दाखविण्यात आले. सकाळी मुलांसाठी, संध्याकाळी मोठ्यांसाठी. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. जगाने तोंडात बोट घालावे असे ते धाडस होते. वर्ष संपले आणि उपग्रह माघारी गेला. १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचा ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ हा कार्यक्रम दूरदर्शनवर येऊ लागला. आज पन्नाशी-साठी गाठलेल्या कित्येकांना तो आठवत असेल. ज्ञान भरपूर, चित्रे सुरेख. पण शंका विचारावयाची तर कोणाला? पडद्यावरचे गृहस्थ आपले बोलणे संपवून निघून जात.

२००४ साली दोन गोष्टी घडल्या. सप्टेंबरात भारताने केवळ शिक्षणासाठी ‘एज्युसॅट’ नावाचा उपग्रह सोडला. आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत अमेरिकेच्या हार्वर्ड विद्यापीठात विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांसाठी म्हणून ‘फेसबुक’ काढले. २००५ साली यूट्यूब, २००६ साली ट्विटर (त्याचे नाव २०२३ साली ‘एक्स’ झाले), २००९ साली व्हॉट्सॲप. यांपैकी फेसबुक कॉलेजात जन्मले खरे, पण शिकविण्यासाठी म्हणून यांतले एकही निघालेले नव्हते. शिक्षकांनी ती वर्गात आणली, ती स्वतःच्या हिमतीवर.

त्यांतले एक उदाहरण इतिहासाच्या वर्गाचेच आहे. २००९ साली टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस येथील शाखेत मोनिका रँकिन या प्राध्यापिकेच्या वर्गात नव्वद विद्यार्थी होते. एवढ्या जणांत चर्चा ती काय होणार? पुढच्या बाकावरचे चार-पाच बोलणार, बाकीचे घड्याळाकडे पाहणार. हे आपल्या कोणाही अध्यापकाला सांगावयास नकोच! बाईंनी ट्विटरचा उपयोग केला. विद्यार्थ्यांनी आपले म्हणणे १४० अक्षरांच्या मर्यादेत लिहावयाचे, ते समोरच्या पडद्यावर दिसावयाचे, आणि बाईंनी वर्गात हिंडत त्यातला धागा उचलून बोलणे पुढे न्यावयाचे. एरवी कधी तोंड न उघडणारी मुले बोलती झाली. १४० अक्षरांत इतिहासाची गुंतागुंत मावत नाही, ही अडचणही तितकीच स्पष्ट झाली.

नुसत्या अनुभवावर कशाला जा? रेनॉल जन्को या संशोधकाने आपल्या सहकाऱ्यांसह २०११ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. पहिल्या वर्षाच्या १२५ विद्यार्थ्यांपैकी ७० जणांच्या अभ्यासक्रमात ट्विटर होते, ५५ जणांच्या नव्हते. पहिल्या गटाचा अभ्यासातील सहभाग वाढला, गुणही वाढले. चला, समाजमाध्यमवाल्यांची सरशी झाली असे कोणी म्हणेल. पण थांबा. जन्कोंच्याच २०१२ सालच्या दुसऱ्या अभ्यासात असे दिसले की अभ्यास करता करता फेसबुक पाहणाऱ्या आणि संदेश पाठविणाऱ्या विद्यार्थ्यांचे गुण इतरांपेक्षा कमी होते. आणि २०१३ सालच्या तिसऱ्या लेखात दोन प्रकारच्या वर्गांची तुलना आली. एका ठिकाणी ट्विटरचा वापर अभ्यासक्रमाचाच भाग होता आणि अध्यापक स्वतः त्यावर उत्तरे देत होते. तिथे फायदा दिसला. दुसऱ्या ठिकाणी ज्याला वाटेल त्याने वापरावे अशी मुभा होती आणि अध्यापक त्यात फारसे नव्हते. तिथे फायदा दिसला नाही.

पुण्याचा १९५६चा प्रयोग आणि २०१३चा हा लेख यांच्यामध्ये सत्तावन्न वर्षे आहेत, दोन खंड आहेत, आणि यंत्रांचा तर काही मेळच नाही. तरी दोघांचे उत्तर एकच येते. नुसता संच नव्हे. संचाभोवती बसलेली आणि एकमेकांना जबाबदार असलेली माणसे.

मग आले २०२०. मार्च महिन्यात करोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि जे काम शिक्षकांना दहा वर्षांत जमले असते किंवा नसते, ते दहा दिवसांत अंगावर पडले. गावोगाव इयत्तावार व्हॉट्सॲप ग्रुप निघाले. त्या वर्षीच्या ‘असर’ पाहणीत असे आढळले की ग्रामीण भागात शाळेत जाणाऱ्या मुलांच्या घरी स्मार्टफोन असण्याचे प्रमाण २०१८ मधील सुमारे ३६ टक्क्यांवरून सुमारे ६२ टक्क्यांवर गेले होते. पण पाहणीच्या आधीच्या आठवड्यात शाळेकडून काही अभ्यास मिळालेली मुले किती? सुमारे एक तृतीयांश. आणि ज्यांना तो मिळाला त्यांपैकी चारांतील जवळजवळ तिघांना तो व्हॉट्सॲपवरून मिळाला होता.

या आकड्यांत एक मोठे दुःख दडले आहे. घरात एक फोन, तो बापाच्या खिशात, आणि बाप कामावर. संध्याकाळी फोन घरी यावयाचा तेव्हा दिवसभराच्या अभ्यासाची रास पडलेली. थोरल्या भावाचा आधी नंबर, बहिणीचा मागून. मुलाने वहीचा फोटो पाठवावयाचा आणि पलीकडून अंगठा दाखविणारे चित्र यावयाचे. ही परतवाट म्हणावयाची का? शिक्षकांनाही दोष कसा द्यावा? एकेका शिक्षकाच्या फोनवर शेकडो वह्यांची छायाचित्रे येऊन पडत होती. खरे पाहिले तर तो मद्रास पद्धतीचा लंडनमधला अवतार पुन्हा एकदा झाला : वरून खाली जाणारा पाठ, आणि हजेरी.

त्याच काळात जुन्या साधनांची आठवण झाली, हेही नोंदविले पाहिजे. नागपूर आकाशवाणीवरून ‘शाळेबाहेरची शाळा’ हा कार्यक्रम मुलांसाठी सुरू झाला. ज्या घरी स्मार्टफोन नव्हता त्या घरीही तो आवाज पोचू शकत होता. आणि साथीच्या पुष्कळ आधीपासून जे गुरुजी हे साधन विचारपूर्वक हाताळीत होते, त्यांचेही चीज झाले. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडण्याची कल्पना राबविली होती. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यांनी त्यातील अर्धी रक्कम अंतिम फेरीतील इतर शिक्षकांना वाटून दिली.

आता काटा उलटा फिरू लागला आहे. युनेस्कोने २०२३ सालच्या आपल्या जागतिक अहवालात शिक्षणातील तंत्रज्ञान कोणाच्या अटींवर यावे, असाच प्रश्न विचारला. त्या वेळी जगातील चारांपैकी एकाहून कमी देशांत शाळेत स्मार्टफोनवर बंदी होती. ऑस्ट्रेलियाने तर २०२४ साली कायदाच केला आणि डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई झाली. या भीतीला आधार आहे. पुण्याच्या श्रोतृमंडळाला अर्धा तास झाला की नभोवाणी बंद करा, असे सांगणारे केंद्रच होते. आजच्या माध्यमांचे मालक खाजगी कंपन्या आहेत. फेसबुकने २०१४ साली व्हॉट्सॲपही विकत घेतले. समाजमाध्यमांच्या कंपन्यांचे उत्पन्न मुख्यतः जाहिरातींचे, म्हणून माणसाने जितका जास्त वेळ पडद्याला डोळे लावून बसावे तितका त्यांचा लाभ. ‘आता पुरे, उठा आणि आपसांत बोला’ असे त्या कधी सांगावयाच्या नाहीत. ते सांगण्याचे काम शिक्षकाचेच.

म्हणजे मग काय करावयाचे? इतिहास काही औषधाची चिठ्ठी लिहून देत नाही. पण चार पाऊलखुणा तो दाखवितो, त्या अशा.

पहिली खूण अशी की मंडळ लहान असावे. इक्केरीला चार मुले होती, पुण्याच्या प्रयोगात वीस माणसे. दीडशे जणांचा ग्रुप हा वर्ग नव्हे, तो सूचनाफलक आहे. सूचनाफलकाचाही उपयोग असतो, पण त्याला शिक्षण म्हणू नये.

दुसरी गोष्ट, त्याला वेळ ठरलेली असावी आणि शेवटही असावा. रात्री बारा वाजता येणारा गृहपाठ हा मुलाच्या झोपेवर आणि शिक्षकाच्या संसारावर, दोहोंवर अन्याय आहे.

तिसरी गोष्ट, ज्याच्याजवळ फोन नाही त्याची शंका कागदाच्या चिठ्ठीवर आली तरी तिचा मान तोच असावा. एखादे साधन वापरल्याने वर्गातला एक जरी विद्यार्थी वर्गाबाहेर पडत असेल, तर त्या साधनाने शिक्षण वाढविले असे म्हणता येत नाही. शिवाय मुलांचे फोन नंबर, छायाचित्रे, गुण ही खाजगी ठेव आहे. ती चव्हाट्यावर मांडण्याचा अधिकार शाळेला नाही.

आणि चौथी, सर्वांत महत्त्वाची : ग्रुपवर आलेला प्रश्न दुसऱ्या दिवशी वर्गात आला पाहिजे. आमच्या वर्गात मागच्या बाकावर बसणारा एक विद्यार्थी होता. वर्षभर त्याचा आवाज मी ऐकला नव्हता. एका रात्री त्याने ग्रुपवर एवढेच लिहिले : सर, सत्तावन्नचा उठाव आपल्या कोल्हापूरला झाला होता का? पुस्तकातला धडा मीरत, दिल्ली, कानपूर, झाशी असा जाऊन संपत होता. मी ग्रुपवर उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात त्याचे नाव घेऊन प्रश्न वाचला आणि ३१ जुलै १८५७ च्या रात्री कोल्हापुरात सत्ताविसाव्या पलटणीने केलेल्या उठावाची हकीकत सांगितली. त्यावर तिघांनी आणखी प्रश्न विचारले. त्यांतला एक आजीकडून ऐकलेल्या गोष्टीबद्दलचा होता, आणि त्यासाठी आम्हांला कागदपत्रे धुंडाळावी लागली. तो मुलगा त्यानंतर वर्गात फार बोलू लागला असे नाही. पण तो पुढच्या बाकावर येऊन बसू लागला.

प्रश्न लिहिण्याचे धैर्य त्याला त्या माध्यमाने दिले, हे मान्य केले पाहिजे. भर वर्गात त्याला ते झाले नसते. म्हणून मोबाइलला सरसकट शिव्या देण्याच्या पक्षात मला जाता येत नाही. पण तो प्रश्न तिथेच, शंभर सुप्रभातांच्या आणि वाढदिवसांच्या शुभेच्छांच्या खाली, गाडला गेला असता, तर त्याने पुन्हा लिहिले असते असे मला वाटत नाही. म्हणून केवळ साधन दिले म्हणजे शिक्षण झाले, असे समजणाऱ्यांच्या पक्षातही मला जाता येत नाही.

साधने बदलत राहतील. धूळपाटी गेली, दगडी पाटी गेली, नभोवाणीचे मोठाले संच गेले. आज हाती आहे तो मोबाइलही एक दिवस अडगळीत जाईल. आजची मुले त्या वेळी शिक्षक झालेली असतील आणि त्यांच्यापुढेही एखादे नवे यंत्र येऊन उभे राहील. त्याला नाकारू नका आणि त्याच्या पायाही पडू नका, एवढेच त्यांना सांगावेसे वाटते. त्यांच्या वर्गातला जो मुलगा किंवा जी मुलगी कधीच बोलत नाही, तिची शंका या यंत्रातून आपल्यापर्यंत येते का, आणि आली तर आपण ती ऐकण्यास जागेवर असतो का, एवढे मात्र त्यांनी रोज पाहावे.